फी माफ, मुलगी घरीच

नांदेडहून हिंगोलीची एस.टी. धरली की अर्धापूर मागं पडल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी लागते, मधेच हळदीची रानं. त्याच रस्त्यावर पुढं डोंगरकडा. कळमनुरी तालुक्यातलं गाव. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली वेगळा निघाला, तेव्हापासून हिंगोली जिल्ह्यात. गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघीजणी तिथं बायकांच्या बैठकीला गेलो होतो. बोलायचं होतं सातबारावर बाईचं नाव लावण्याबद्दल. पण बैठकींचं आपल्याला माहीतच आहे. आपण एक विषय घेऊन जातो, बायका आपल्यापुढं दुसराच ठेवतात, आणि बहुतेक वेळा तोच खरा असतो.

मागं भिंतीला टेकून बसलेली एक बाई म्हणाली, "ताई, पोरींची फी सरकारनं माफ केली म्हणतेत. मंग माही पोरगी घरीच कामून हाय?"

तिची मुलगी बारावी सायन्स झालेली. सीईटी दिली, नांदेडच्या एका कॉलेजात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला नंबर लागला. गावात पेढे वाटले. आणि मुलगी गेली नाही. बापानं हिशेब मांडला: खोलीचं भाडं, त्यावर डिपॉझिट, मेस, ड्रॉइंगचं सामान, वर्कशॉपचा ड्रेस, दर आठवड्याचं येणंजाणं. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास येतो आणि मेसवाला आगाऊ मागतो. बाप काही दुष्ट माणूस नाही. त्याच घरातून थोरल्या मुलाच्या लातूरच्या क्लासला मात्र पैसे निघाले होते. ते कर्ज काढून निघाले होते, एवढंच. मुलीसाठी कर्ज काढावं असं कुणाच्या मनात आलं नाही, तिच्याही नाही.

बाईच्या प्रश्नाचं सरळ उत्तर आधी देऊ. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं महाराष्ट्रात आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. त्याआधी सवलत निम्मी होती. निर्णय चांगला आहे, तो मिळवायला विद्यार्थिनींनी आवाज उठवला होता. पण त्यात जे लिहिलंय तेवढंच माफ आहे. छप्पर आणि भाकरी त्यात नाही. गावातल्या शाळकरी मुलीला एस.टी.चा मोफत पास आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतला, तो बारावीपर्यंत. त्यापुढं मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना मिळणारं निम्मं तिकीट. म्हणजे मुलगी गावातून बाहेर पडण्याच्या नेमक्या वर्षी सरकारचा हात सुटतो आणि बापाचा हात आखडतो.

बैठकीत वातावरण जरा जड झालं. आमच्यातल्या एकीनं, सगळ्यांना उभारी यावी म्हणून, पोस्टकार्डाची गोष्ट सांगितली. ती तुमच्यापैकी अनेकींना ठाऊक असेल. १९७४ साल. सुधा कुलकर्णी नावाची मुलगी. हुबळीच्या कॉलेजातून इलेक्ट्रिकलची इंजिनिअर झालेली, वर्गात एकटी मुलगी. त्या कॉलेजात मुलींसाठी संडाससुद्धा नव्हता हे तिनंच पुढं सांगितलंय. नंतर बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये ती कॉम्प्युटर सायन्स शिकत होती. अमेरिकेतल्या पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्तीही मिळत होती. तेवढ्यात सूचनाफलकावर टेल्को कंपनीची जाहिरात दिसली. तरुण, हुशार, मेहनती इंजिनिअर पाहिजेत. आणि खाली एक ओळ, की महिला उमेदवारांनी अर्ज करू नये. तिला नोकरीची गरज नव्हती. पण राग आला. तिनं जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. थोड्याच दिवसांत तार आली, की मुलाखतीला पुण्याला या, खर्च कंपनीचा. मुलाखत झाली, नोकरी मिळाली, आणि टेल्कोच्या कारखान्यात यंत्रांवर काम करणारी ती पहिली बाई इंजिनिअर ठरली. शिष्यवृत्ती तिनं सोडून दिली.

बायकांना गोष्ट आवडली. एक म्हातारी माय तर हसून म्हणाली, "पन्नास पैशाचं कार्ड असंल, पर काम केलं!" मग पहिलीच बाई पुन्हा बोलली. "मंग त्या बाईनं पुढं इंजिनेराचंच काम केलं का?"

आमच्यातल्या कुणीच लगेच उत्तर दिलं नाही. परतीच्या गाडीत आणि नंतरही हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. म्हणून हे लिहिते आहे.

उत्तर असं आहे. सुधा कुलकर्णींचं १९७८ मध्ये लग्न झालं, त्या सुधा मूर्ती झाल्या. १९८१ मध्ये नवऱ्यानं सहा सहकाऱ्यांबरोबर इन्फोसिस काढली, तीही पुण्यातच सुरू झाली. सुरुवातीचे दहा हजार रुपये बायकोच्या बचतीतले होते. पुढं टेल्को सुटली. आणि इन्फोसिसमध्ये नवराबायको दोघांनी असायचं नाही असं नवऱ्यानं ठरवलं. संसार, दोन मुलं, मधल्या काळात दुसऱ्या कंपनीत नोकरी, मग कॉलेजात शिकवणं. १९९६ मध्ये इन्फोसिस फाउंडेशन निघालं आणि त्यांचं नाव देशभर झालं ते तिथल्या दानधर्मामुळं आणि पुस्तकांमुळं. जानेवारी २०२४ मध्ये नारायण मूर्तींनी एका मुलाखतीत जाहीरपणे कबूल केलं, की बायको माझ्यापेक्षा आणि बाकी संस्थापकांपेक्षा जास्त पात्र होती, आणि तिला कंपनीत येऊ दिलं नाही ही माझी चूक झाली. चूक कळायला चाळीसवर वर्षं लागली.

मला सुधा मूर्तींच्या आयुष्याचा हिशेब मागायचा नाही, तो त्यांचा आहे. त्यांची राजकीय मतं काय, हाही इथला विषय नाही. मला आपल्याबद्दल बोलायचंय. आपण ही गोष्ट सांगताना पोस्टकार्डापाशी थांबतो आणि एकदम फाउंडेशनवर उडी मारतो. मधली वर्षं गाळतो. टाळ्या मिळतात त्या देणाऱ्या बाईला. समाजाला दान करणारी बाई लगेच ओळखता येते, कारण ती आईसारखी, अन्नपूर्णेसारखी दिसते. मशीन उघडून बसलेली बाई ओळखता येत नाही. आणि मुलींना द्यायच्या शिष्यवृत्त्यांचा विचारही आपण याच नजरेनं करतो. शिकवली, डिग्री मिळाली, पुण्य पदरात पडलं. ती पुढं काम करते का, कुणी करू देतं का, हे शिष्यवृत्तीच्या हिशेबात धरायला हवं असं आपल्याला वाटत नाही.

त्या जाहिरातीतली ती ओळ काही एकट्या कंपनीच्या डोक्यातून आलेली नव्हती. १९४८ च्या कारखाने कायद्यानं बायकांना संध्याकाळी सातनंतर सकाळी सहापर्यंत कारखान्यात काम करायला मनाई होती. तीन पाळ्यांच्या कारखान्याला ही सोयीची सबब होती. समान वेतनाचा कायदा आला १९७६ मध्ये. भरती करताना बाई म्हणून डावलू नये असं त्यानं सांगितलं, पण जिथं कायद्यानंच बायकांच्या कामाला मनाई आहे ती कामं वगळून. म्हणजे एका कायद्यानं दिलं आणि दुसऱ्यानं राखून ठेवलं. महाराष्ट्रात रात्रपाळीची ही मनाई सैल झाली २०१५ च्या दुरुस्तीनं. सुरक्षितता आणि वाहनाची सोय करण्याच्या अटीवर. रात्रपाळी हा हक्क की नवं ओझं, यावर आपल्यात वाद आहेत आणि ते व्हायला हवेत. पण इलेक्ट्रिकल शिकलेल्या मुलीपुढं ही भिंत किती वर्षं होती हे तरी लक्षात घेऊ.

आता थोडं मागं जाऊ. भारतातली पहिली इलेक्ट्रिकल इंजिनिअर बाई म्हणजे अय्यलसोमयाजुला ललिता. मद्रासच्या तेलुगू घरातली, जन्म १९१९ चा. पंधराव्या वर्षी लग्न. १९३७ मध्ये मुलगी झाली आणि ती चार महिन्यांची असताना नवरा वारला. त्या काळच्या ब्राह्मण विधवेला पुढं काय वाढून ठेवलेलं असे हे महाराष्ट्राला सांगायला नको. ललितानं शिकायचं ठरवलं. वडील पप्पू सुब्बाराव मद्रासच्या गिंडी इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकलचेच प्राध्यापक होते. त्यांनी प्रवेशासाठी रदबदली केली आणि १९४० मध्ये तिला प्रवेश मिळाला. तिच्या सोबतीला आणखी मुली याव्यात म्हणून प्रयत्न झाले, दोघी आल्या. ती वसतिगृहात राहिली. लहान मुलीला नातेवाइकांनी सांभाळलं. १९४३ मध्ये शिक्षण पुरं झालं. जमालपूरच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी केली, सिमल्याला सरकारी नोकरी केली. १९४८ पासून कलकत्त्याला असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीत ती लागली ती १९७७ मध्ये निवृत्त होईपर्यंत. भाक्रा-नांगल धरणाच्या वीजनिर्मिती यंत्रांच्या कामात ती होती. वीजवाहिन्यांची, सबस्टेशनांची आखणी तिनं केली. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला बाई इंजिनिअर आणि शास्त्रज्ञांची पहिली जागतिक परिषद झाली, तिथं ती गेली होती. १९७९ मध्ये ती वारली. एका बाईची इंजिनिअर म्हणून सुमारे तीस वर्षांची सलग नोकरी. डोंगरकड्याच्या बाईनं विचारलेल्या प्रश्नाला 'हो' म्हणता येईल अशी ही गोष्ट.

ती कशानं शक्य झाली? हुशारी होतीच. पण नीट पाहिलं तर तिच्यामागं एक पूर्ण व्यवस्था उभी होती. दार उघडून देणारा बाप. वसतिगृहाची खोली. एकटं वाटू नये म्हणून सोबतीच्या मुली. आणि मूल सांभाळणारी माणसं. कलकत्त्याची नोकरी तिनं धरली तीसुद्धा तिथं भाऊ राहत होता म्हणून. ती कामावर जाई तेव्हा भावजय मुलीकडे बघे. फीचं या यादीत फार नाव नाही. ललिताच्या घरात हे सगळं होतं. डोंगरकड्याच्या मुलीचा बाप प्राध्यापक नाही, नांदेडात तिची भावजय नाही. म्हणून मी म्हणते, शिष्यवृत्तीनं करायचं काम ते हे: बाप, भावजय, खोली, सोबत, या सगळ्यांची जागा भरून काढायची.

हे काही मी नवं सांगत नाही. आपल्याकडच्या जाणत्या माणसांना ते आधीच कळलं होतं. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी संस्था काढली ती आधी आश्रम म्हणून, पुढं तो हिंगण्याच्या झोपडीत गेला. राहायला जागा आणि पोटाला अन्न दिल्याशिवाय विधवा शिकायला येणारच नाही हे त्यांना दिसत होतं. त्याच परिसरात, आजच्या कर्वेनगरात, त्याच संस्थेनं १९९१ मध्ये मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. बाबासाहेबांना बडोद्याच्या सयाजीरावांनी १९१३ मध्ये अमेरिकेला पाठवलं तेव्हा दरमहा साडेअकरा पौंड दिले, तीन वर्षं. महिन्याच्या महिन्याला, जगण्यासाठी. दलित मुलांना शिकवायचं तर नुसती फी भागवून चालत नाही हे तेव्हाच्या राजालाही कळत होतं.

आजच्याही काही योजनांना ते कळलंय. तंत्रशिक्षण परिषदेची 'प्रगती' शिष्यवृत्ती डिग्री आणि डिप्लोमाच्या मुलींना वर्षाला पन्नास हजार देते, एका घरातल्या दोघींपर्यंत, आणि पैसे मुलीच्या खात्यात येतात. इन्फोसिस फाउंडेशननं २०२३ मध्ये विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलींसाठी शिष्यवृत्ती सुरू केली, तीत वर्षाला एक लाखापर्यंत फी, राहणं-खाणं आणि पुस्तकं धरलेली आहेत. तेव्हा सुधा मूर्ती फाउंडेशनच्या अध्यक्षपदावरून निवृत्त झालेल्या होत्या. पण कॉलेजात संडास नसलेल्या त्या मुलीची आठवण या तरतुदीत कुठंतरी असेल असं मला वाटतं. अडचण अशी, की अशा शिष्यवृत्त्यांची बातमी गावात उशिरा पोचते, आणि पैसे हातात येतात तोवर मेसवाल्याचे चार महिने झालेले असतात.

आता आपल्या घरात डोकावू. त्या दिवशी बैठकीत बचतगटाची वही मागवली. गट चांगला चाललेला, हप्ते वेळेवर. कर्जं कशाकशाला दिली? शेळी, शिलाई मशीन, दवाखाना, बियाणं, आणि बरीचशी लग्नांना. मुलीच्या शिक्षणाला एकही नाही. आम्ही विचारलं तर सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. कुणी मागितलंच नाही, म्हणाल्या. मुलीच्या लग्नाला पन्नास हजार मागणं रीतीचं आहे, मुलीच्या मेसला पाच हजार मागणं नाही. ही रीत आपणच, बायकांनीच, वहीत लिहून ठेवलीय. तुम्हीही आपापल्या गटाच्या वह्या काढून बघा.

काय करता येईल? दान द्यायला तयार असलेली माणसं गावोगाव आहेत. गावातून शिकून पुण्याला इंजिनिअर झालेले आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना आपण काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. पैसे जुलैत द्या, पंधरा ऑगस्टला शाल-नारळासकट देऊ नका. महिन्याच्या महिन्याला द्या, मुलीच्या स्वतःच्या खात्यात द्या. स्टेजवर उभी करून तिची गरिबी माईकवरून सांगू नका. आणि एखाद्या विषयात ती नापास झाली म्हणून तोडू नका. हे शेवटचं फार महत्त्वाचं. मुलाला एटीकेटी लागली तर बाप शिव्या देतो आणि पुन्हा पैसे भरतो. मुलीला एटीकेटी लागली, शिष्यवृत्ती थांबली, की दिवाळीत पाहुणे येतात. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष मराठी माध्यमातल्या मुलीला जड जातंच. त्या वर्षी जी शिष्यवृत्ती पाठीशी राहते तीच खरी.

आपल्या संघटनांनी करायची कामं वेगळी. एप्रिल-मेमध्येच बारावीच्या मुलींचे कागद करून घ्यायचे: उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन-क्रिमीलेअर, जात पडताळणी, आधार जोडलेलं खातं. प्रवेशाच्या दारातून परतलेल्या कितीतरी मुली एका दाखल्यासाठी परतलेल्या असतात. दुसरं, नांदेड-हिंगोलीसारख्या ठिकाणी आजूबाजूच्या चार गावांतल्या मुलींची मिळून एक खोली, आपल्यातल्याच एखाद्या एकट्या बाईला तिथं स्वयंपाकाचं काम. दोघींचीही सोय होते. तिसरं, डिग्रीनंतर मुलीची फाइल बंद करायची नाही. ती कुठं उमेदवारी करते, तिला साइटवर पाठवतात की टेबलावरच बसवतात, तिथं बायकांचा संडास आहे का, लग्नाच्या वेळी नोकरी सोडायचं ठरतंय का, हे विचारत राहायचं. नाहीतर आपण लग्नाच्या बायोडाट्यासाठी इंजिनिअर मुली तयार करून देऊ, त्याही शिष्यवृत्ती देऊन.

आणि इलेक्ट्रिकलच का, असं कुणी विचारेल. मुलींना कॉम्प्युटरला घाला, एसीत बसतील. डोंगरकड्याच्या बायकांना ते विचारायला लागत नाही. केळीला पाणी लाईटच्या वेळापत्रकावर. लाईट रात्री आली की रात्री मोटार चालू करायला जायचं, पायाखाली साप आहे का पाहत. डीपी जळाला की आठ-आठ दिवस घागरी बाईच्या डोक्यावर. विजेचा सगळा भोग बाईच्या वाट्याला आणि विजेचं सगळं ज्ञान पुरुषाकडं. महावितरणमध्ये विद्युत सहायक म्हणून आता बायका आहेत, खांबावर चढतात. ज्या सबस्टेशनांची आखणी ललितानं केली, तसल्या सबस्टेशनात बसून गावाला दिवसा लाईट कशी देता येईल याचा विचार करणारी बाई जर डोंगरकड्याचीच असली, तर तिला रात्रीचं रान कुणी समजावून सांगायला नको.

ती मुलगी यंदा गेली नाही. आम्ही पोचलो तोवर कॉलेजात हजर व्हायची मुदत टळून गेली होती. सध्या ती आईबरोबर हळदीच्या कामाला जाते. तिची धाकटी बहीण बारावीत आहे, तिलाही इलेक्ट्रिकलच घ्यायचंय. बैठक उठता उठता गटानं एक ठराव वहीत लिहून घेतला, की मुलीच्या शिक्षणाचं कर्ज लग्नाच्या कर्जाच्या आधी द्यायचं. वाद झाला, दोघीजणी उठून गेल्या, पण ठराव झाला. मे महिन्यात आम्ही पुन्हा डोंगरकड्याला जाणार आहोत, या वेळी दाखल्यांच्या फॉर्मची पिशवी घेऊन. तुमच्या गावात अशी एखादी मुलगी घरी बसली असेल तर तिच्या आईशी आत्ताच बोला. निकाल लागेपर्यंत थांबू नका.